पिसिलाचा पुढचा दात आणि मी

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. दचकू नका. मी कुणाच्या तोंडातून निघालेलो नाही. प्लास्टरच्या हिरड्या, कवळीच्या मसाल्याचे बत्तीस दात आणि मागे कपाटाच्या दाराची एक पितळी बिजागरी, एवढाच माझा देह. आता दात एकोणतीसच उरले आहेत आणि बिजागरीवर हिरवा थर चढला आहे. तरी तोंड अजून उघडतं आणि मिटतं. बोलता तेवढं कधी आलं नाही. आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

माझा जन्म टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या बाजारामागे एका लहानशा खोलीत झाला. तिथे पाउलिआसी नावाचा कारागीर बसायचा. कवळ्या करायच्या आणि सोन्याचे दात करायचे हा त्याचा धंदा. आमच्या लोकांना सोन्याच्या दाताची हौस फार. बायका कानातली आणत, पुरुष बायकोची अंगठी आणत. पाउलिआसी ती वितळवून पुढच्या दातावर चढवी आणि माणसं त्याच्या आरशात हसून हसून बघत घरी जात. पुष्कळदा खालचा दात धडधाकट असे. पाउलिआसीला ते आवडत नसे, पण तो कुणाला नाही म्हणत नसे.

एक दिवस त्याच्याकडे अनासेइनी नावाची तरुण बाई आली. फिजीत जाऊन दातांचं काम शिकली होती. उत्तरेकडच्या एका छोट्या बेटावर, तिच्याच बेटावर, तिची नेमणूक झाली होती. तिनं पाउलिआसीला सांगितलं, मला एक जबडा करून दे, खोलीच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाला दिसेल एवढा.

"एवढं मोठं तोंड कुणाचं असतं?" पाउलिआसीनं विचारलं.

"आमच्या गावच्या पाळकाचं," ती म्हणाली. "रविवारी ये कधी ऐकायला."

पाउलिआसी हसला आणि त्याच दिवशी कामाला लागला. माझा एकेक दात त्यानं अंगठ्याएवढा केला. तीन दातांवर त्यानं जास्त मेहनत घेतली. एकाला वरच्या वर बारीक खड्डा पाडला. दुसरा मधोमध कापून दोन फाका केल्या, आत पोकळी केली आणि तिच्यात लाल लोकरीचा धागा घातला, तो दाताची नस म्हणून. तिसरा लाकडी खुंटीवर बसवला, ओढला की बाहेर येई. काम झाल्यावर त्यानं माझं तोंड दोनचारदा उघडून मिटून पाहिलं आणि मला अनासेइनीच्या हातात दिलं. तिच्या मांडीवर बसून, बोटीच्या डेकवर, तारोच्या कंदांच्या पोत्यांमध्ये आणि डुकरांच्या पिंजऱ्यांमध्ये, मी माझ्या बेटावर आलो.

तिथे सगळे तिला बाई म्हणू लागले, म्हणून मीही बाई म्हणतो.

बाईंचं एक ठरलेलं होतं. दुखरा माणूस आला की आधी हत्यार हातात घ्यायचं नाही. आधी मला टेबलावर ठेवायचं, त्याच्याकडे तोंड करून. मग सांगायचं. दात नारळासारखा असतो, त्या म्हणत. वर टणक करवंटी, आत खोबरं आणि अगदी आत ओला गर, त्यात जीव. कीड करवंटीतच असेल तर खड्डा साफ करून सिमेंट भरू, अर्ध्या तासाचं काम. कीड गरापर्यंत गेली असेल तर त्या दाताच्या दोन्ही फाका उघडून आतला लाल धागा दाखवत. हा धागा काढून आतली जागा धुवायची, भरायची, वरून टोपी बसवायची. मूळ आपलंच राहतं. पण त्याला राजधानीला जावं लागेल, दोनतीन खेपा होतील. आणि तिसरी वाट म्हणजे दात काढायचा. चौथी वाटही त्या सांगत: काहीच न करणं. त्यानं काय होतं तेही लपवत नसत. शेवटी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत. "काढलेला दात परत लावता येत नाही. बाकी सगळ्या वाटांवरून मागे फिरता येतं."

कितिओनी नावाचा एक मासेवाला होता. होडीतून समुद्रात कितीही आत जाईल, पण सुई पाहिली की घाम फुटे. तो म्हणाला, आधी त्याचा काढून दाखवा. बाईंनी पक्कड घेऊन माझा खुंटीवरचा दात ओढून काढला. कितिओनीनं माझ्याकडे वाकून पाहिलं.

"त्याला काय, त्याची बायको बाहेर बसलेली नाही," तो म्हणाला. "ओरडलो तर आठवडाभर ऐकवेल."

पण तो बसला, आणि ओरडला नाही. जाताना त्यानं माझ्या हिरडीवर थोपटलं. त्या दिवसांत माझं पुष्कळ कौतुक झालं. शाळेची मुलं मला बघायला येत आणि माझ्या दातांवरून हात फिरवत. एक म्हातारा तर म्हणाला, सत्तर वर्षं माझ्या तोंडात काय चाललं होतं ते मला आज कळलं.

मात्र माझं तोंड कुणाकडे करायचं हे आमच्या बेटावर सोपं काम नव्हतं. पेशंट एकटा आला तर प्रश्नच नाही. पण बरोबर घरातलं मोठं माणूस असेल तर सगळं आधी त्याला सांगायचं, त्याच्याकडे बघून सांगायचं. बाई फिजीत शिकल्या असल्या तरी इथेच वाढल्या होत्या. मोठं माणूस आत आलं की त्या मला उचलून त्याच्याकडे वळवत आणि माझी पाठ पेशंटकडे होई. त्यात वाईट असं काही झालंही नाही. दहा वर्षांच्या नातवाची दाढ आजोबांना समजावली तर बिघडतं कुठे? मलाही ते सवयीचं झालं होतं.

असं बरीच वर्षं चाललं. मग एक दिवस पिसिला आली.

पिसिला सतरा वर्षांची होती. तिचा बाप मोसेसे आमच्या चर्चच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. तुतारीच्या जातीचं पितळी वाद्य, हातात मावेल एवढं. चार वर्षांपूर्वी मोसेसे आजारी पडला, त्याला बोटीनं राजधानीच्या दवाखान्यात नेलं, आणि पुढच्याच्या पुढच्या बोटीनं तो पेटीतून परत आला. कॉर्नेट पिसिलाकडे आलं. ती इतकं छान वाजवी की सरावाच्या वेळी दवाखान्याच्या खिडकीतून ऐकू आलं की बाई हातातलं काम ठेवत. दोन महिन्यांनी चर्चची मोठी वार्षिक सभा आमच्या बेटावर भरायची होती. सभेला राजधानीच्या मोठ्या बँडचे मास्तर येणार होते आणि दोन तरुण वाजवणारे निवडून नेणार होते. राहायची सोय, शिक्षण, पगार सगळं. आमच्या बेटावरून आजवर कुणी गेलं नव्हतं. सगळे म्हणत, एक जागा पिसिलाची.

ती आली तेव्हा तिचा वरचा ओठ सुजला होता. दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर पाय घसरून ती तोंडावर पडली होती. पुढचा दात पडला नव्हता, पण हळूहळू काळवंडत गेला होता. आता त्याच्या मुळाशी पू झाला होता. बाईंनी तोंडात पाहिलं, आत्या येते आहे का विचारलं. पिसिलानं भुवया उचलल्या. आमच्याकडे हो म्हणायचं झालं तर भुवया उचलतात. बाई म्हणाल्या, मग थांबू या, आणि हत्यारं उकळत ठेवायला मागच्या खोलीत गेल्या.

पिसिला आणि मी, दोघंच राहिलो. तेव्हा माझं तोंड तिच्याकडे होतं. तिनं माझ्या वरच्या पुढच्या दातावर बोट ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, हा दात काढू नका. कॉर्नेट मी इथेच टेकवते. दात गेला तर सूर जाईल."

मला वाटलं बाई आत आल्या. पण कुणी आलं नव्हतं. ती घोकत होती. पुन्हा एकदा तसंच म्हणाली. तिसऱ्या वेळी तिनं त्यात "जमलं तर" घातलं. चौथ्या वेळी "तुमची हरकत नसेल तर" घातलं. वाक्य लांबत गेलं आणि आवाज बारीक होत गेला. पाचव्यांदा ती सुरू करणार तेवढ्यात दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला.

लुसेआने आत्या आली. मोसेसेची मोठी बहीण. आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातलं सगळ्यांत उंच माणूस. ती आली की बापही बसलेला उठतो. लग्नात, मयतात शेवटचा शब्द तिचा. आई असली तरी आत्यापुढे आईचं चालत नाही. आणि भाचीनं आत्याच्या तोंडावर आडवं बोलल्याचं आमच्या बेटावर कुणाला आठवत नाही. लुसेआने चर्चमधून सरळ आली होती, चर्चला जाताना आमच्याकडे गुंडाळतात ती मानाची चटई कमरेला, केस चापून बांधलेले. मोसेसे गेल्यापासून ह्या पोरीवर तिचा जीव होता. सणाला लू केलं, म्हणजे तारोच्या पानांत नारळाचं दूध आणि मांस बांधून भाजलं, की पहिलं पान पिसिलाच्या घरी जाई.

बाई बाहेर आल्या, त्यांनी लुसेआनेला चांगली खुर्ची दिली. मग मला उचललं आणि तिच्याकडे वळवलं. पिसिला माझ्या पाठीमागे गेली.

बाईंनी सगळं नीट सांगितलं, त्यात खोट काढता येणार नाही. दाताचा आतला जीव मेला आहे, नुसतं सिमेंट भरून भागणार नाही. आज मी पू काढून टाकते, गोळ्या देते, दुखणं थांबेल. मग मंगळवारच्या बोटीनं राजधानीला जावं. तिथे मूळ साफ करून भरतील, महिनाभर राहावं लागेल, दात तिचाच राहील. नाही तर आजच काढायचा. जखम भरली की खोटा दात करायचा, टाळूला चिकटणाऱ्या पट्टीवर बसवायचा.

लुसेआनेनं दोनच शब्द विचारले. "राजधानीचा दवाखाना?"

बाईंनी भुवया उचलल्या.

"एका दातासाठी मोसेसेची पोर त्या बोटीत बसवू?" ती म्हणाली. "नाही, अनासेइनी. काढ तो. आणि खोटा दात मसाल्याचा नको, सोन्याचा होऊ दे." बोलता बोलता तिनं आपल्या कानातली काढली, एक आणि मग दुसरं, आणि माझ्यासमोरच्या ताटलीत ठेवली. तिच्या आईची होती ती.

मग बाईंनी मान वळवली.

"पिसिला, तुझं काय म्हणणं?"

मान वळली होती, पण मी आत्याकडेच तोंड करून होतो. पाठीमागे काय झालं ते मला समोरच्या काचेच्या कपाटात दिसलं. पिसिलानं बाईंकडे पाहिलं, मग ताटलीतल्या कानातल्यांकडे पाहिलं, मग आत्याच्या हातांकडे. आणि भुवया उचलल्या.

हो कशाला, हे बाईंनी विचारलं नाही. प्रत्येकाला शेवटी सांगायचं ते वाक्यही त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. कानातली काढून ठेवल्यावर ते सांगणं म्हणजे आत्याच्या मायेला नाव ठेवणं झालं असतं. मित्रांनो, ते वाक्य मला पाठ होतं. पिसिलाचंही वाक्य मला पाठ होतं, तिन्ही परींनी. माझं तोंड उघडं होतं आणि आतून काही बाहेर येईना.

बाईंनी भुलीची सुई दिली. दात सहज निघाला.

जखम भरायची म्हणून पिसिलानं कॉर्नेट पेटीतच ठेवलं, आणि सहा आठवड्यांनी पाउलिआसीकडून बोटीनं सोन्याचा दात आला. पिसिलानं तो बसवला तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. पाळक म्हणाले, आता तुझ्या सुरात सोनं मिसळेल. सगळ्यांना ते आवडलं. पिसिला ओठ मिटूनच हसली, आणि सगळ्यांना वाटलं लाजते आहे.

सभा झाली. मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लुसेआने दवाखान्यात आली. त्या दिवशी पेशंट नव्हते. ती चांगल्या खुर्चीत न बसता बाकावर बसली आणि हातातला रुमाल उघडला. आत सोन्याच्या दाताची पट्टी होती.

तिनं जे सांगितलं ते असं. पिसिला मास्तरांपुढे उभी राहिली आणि कॉर्नेट ओठांना लावलं. ओठ दाबला की पट्टी सरके. सूर निघाला आणि मधेच फाटला. मास्तर भले माणूस, म्हणाले पुन्हा कर. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्या वेळी पिसिलानं पाठ फिरवून पट्टी काढली, खिशात टाकली आणि तशीच वाजवू लागली. मग नुसतीच हवा आली. सगळ्या गावासमोर, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर. तिनं कॉर्नेट पुसलं, पेटीत ठेवलं, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि घरी गेली. मास्तर नंतर लुसेआनेला म्हणाले, ओठांना नवीन वळण लागायला वर्ष दीड वर्ष जातं, कधी लागतही नाही. पुढची निवड चार वर्षांनी होती. तेव्हा ती वयात बसणार नव्हती.

"वाजवणाऱ्याला पुढचा दात लागतो हे तू मला सांगायचं होतंस," लुसेआने म्हणाली.

"मला माहीत नव्हतं, ताई. तिला माहीत होतं."

"मग तिला विचारायचं."

"विचारलं मी. तुमच्यासमोर."

लुसेआनेनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला बाहेर पाठवायचं होतंस."

"आत्याला बाहेर कोण पाठवतं, ताई?"

लुसेआने उठून गेल्यावर बाईंनी मला उगीचच उचललं, दिवसभर ज्या हातांनी मला वळवायच्या त्या हातांनी, आणि बराच वेळ धरून ठेवलं.

त्या आठवड्यापासून दवाखान्यात नवा नियम झाला. पेशंट कुणीही असो, लहान असो की मोठा, आधी तो एकटा आत येणार. मी त्याच्याकडे तोंड करून बसणार. तो काय म्हणतो ते आधी ऐकायचं, बाकीच्यांना मग आत घ्यायचं. गाव चिडलं. पाळकांनी बाईंना समज दिली. कितिओनीची बायको दारात उभी राहून म्हणाली, "तीस वर्षं ह्याच्या तोंडचं मीच ऐकतेय, आणि आज मलाच बाहेर बसवता?" बाई हसल्या नाहीत आणि बदलल्याही नाहीत. मला उशिरा मिळालेला हा मान होता. पण ज्या एका दिवशी तो हवा होता, तो दिवस निघून गेला होता.

पिसिला बेटावरच राहिली. चटया विणू लागली. सोन्याचा दात तिनं पुन्हा लावला नाही. काही वर्षांनी चर्चच्या बँडमधल्या मुलांना शिकवायला तिला बोलावलं. गुरुवारी दुपारी मला खिडकीतून ऐकू येई. ती वाजवून दाखवत नसे. बापाच्या कॉर्नेटवर बोटं ठेवून सूर गुणगुणे, आणि मुलं ते वाजवत. एखाद्याचा सूर फाटला की ती गुणगुणणं थांबवी. मग थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

दिवस सरले तसा मीही जुना झालो. माझा एक दात डुकराच्या पिल्लानं पळवला, दोन कुठे गेले कळलं नाही. परदेशातून प्लास्टिकचा नवा जबडा आला, गुळगुळीत, हिरड्या गुलाबी. भिंतीवर पडदा आला, त्यावर दात आपोआप उघडतात आणि आतली नस चमकते. बाईंना निवृत्तीचं वय झालं. आता मी मागच्या खोलीत आहे, मोडक्या कुबड्या आणि औषधांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये. कपाटाचं दार लागत नाही, म्हणून थोडा उजेड येतो.

पण इथे येण्याआधी माझ्यापुढे शेवटची दोन माणसं बसली. ती सांगतो आणि थांबतो.

बाईंच्या दवाखान्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांतली ती गोष्ट. नवा जबडा आला होता, तरी बाई मलाच बाहेर काढत. लुसेआने आली. केस पांढरे झाले होते, चालताना आधार लागत होता. आधाराला पिसिला होती. आता ती तिशीची, ओठ मिटून बोलण्याची सवय कायमची जडलेली. लुसेआनेचा वरचा सुळा दुखत होता. तिला खुर्चीत बसवून पिसिला नियमाप्रमाणे बाहेर जायला वळली. लुसेआनेनं तिचं मनगट धरलं.

"बस इथे."

"ताई, नियम आहे," बाई म्हणाल्या.

"माझ्यामुळेच झालाय ना तो? मग मी मोडते."

पिसिला बसली. बाईंनी मला लुसेआनेकडे वळवलं. मी बरोबर जागी होतो, कारण आज दुखणारं तोंड तिचंच होतं. कीड आतल्या गरापर्यंत गेली होती. बाईंनी सगळ्या वाटा सांगितल्या, राजधानीची सांगितली, काढायची सांगितली, आणि शेवटचं वाक्यही सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग त्या हात मांडीवर ठेवून थांबल्या. त्यांना थांबता येऊ लागलं होतं.

लुसेआने माझ्याकडे बघत होती. "मला बोटीची भीती वाटते," ती म्हणाली. "मोसेसेला नेलं तेव्हापासून. त्या दवाखान्याचं नाव निघालं तरी हात गार पडतात. दाताचं दुखणं सोसलं, पण ही भीती कुणाला सांगितली नाही मी. आत्यानं घाबरायचं नसतं."

"मला माहीत होतं, आत्या," पिसिला म्हणाली.

"कधीपासून?"

"त्या दिवशीही माहीत होतं. कानातली काढताना तुमचे हात थरथरत होते. एक तर निघतच नव्हतं." "मी दातासाठी हट्ट केला असता तर तुम्ही मला पाठवलं असतं. आणि मी येईपर्यंत रोज धक्क्यावर जाऊन बसला असता, बाबांच्या वेळी बसायचात तसं. म्हणून नाही बोलले."

मित्रांनो, इतकी वर्षं मी समजत होतो की पोर आत्याला दबली. काचेच्या कपाटात तिनं आत्याच्या हातांकडे पाहिलेलं मला दिसलं होतं, आणि तरी मला कळलं नव्हतं. लुसेआने रडली. आवाज आला नाही, तोंड नुसतं उघडं राहिलं. पिसिलानं तिच्या चटईची सुटलेली गाठ बांधून दिली, आणि कितीतरी वेळ ती गाठच नीट करत बसली.

शेवटी लुसेआनेनं सांगितलं, काढ. बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, कारण पिसिलाच्या वेळी ते विचारायचं राहून गेलं होतं. ती पुन्हा म्हणाली, काढ, ह्या वयात आता बोट नको. ते तिचं स्वतःचं म्हणणं होतं. दात निघाला. त्या जागी तिनं काही बसवून घेतलं नाही. जाताना दोघी एका छत्रीखाली गेल्या.

मित्रांनो, दात घासा, गोड खाल्लं की चूळ भरा, दुखायला लागायच्या आधी दाखवायला जा. हे तुम्हाला कुठलाही जबडा सांगेल. माझं मागणं आणखी थोडं आहे. दवाखान्यात कुणाला घेऊन गेलात तर ज्याचं तोंड दुखतंय त्याला बोलू द्या, आणि तो "हो" म्हणाला तर कशाला हो म्हणाला ते विचारा. आणि खुर्चीत तुम्ही स्वतः असाल, समोर तुमच्यावर जीव लावणारं माणूस बसलं असेल, त्याचे हात थरथरत असतील, तरीही बोला. गप्प राहून तुम्ही त्याचं दुःख वाचवत नाही. ते फक्त पुढे ढकलता. ते त्याच्यापर्यंत पोचतंच, पण पोचतं तेव्हा दात गेलेला असतो.